कोरीव ठसे, मोडी आणि कशिदा: कोणाचे कोणाशी जमते

एकाहून अधिक कलांमध्ये हात घातलेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. काही जण सांगतात की कोणती तरी एकच कला धरावी आणि तिच्यातच मुरावे. इतर काही जण सांगतात की सगळ्या कला मुळात एकच असल्यामुळे एकीत केलेले श्रम दुसरीत आपोआप उपयोगी पडतात. जलरंग, मोडी लिपीतील सुलेखन, कशिदा आणि अलीकडच्या काळात कापडावर छापण्यासाठी लाकडी ठसे कोरणे, एवढा पसारा सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या घरात सांभाळताना मला हे दोन्ही सल्ले अपुरे वाटू लागले आहेत. कलांची संख्या किती आहे याला फारसे महत्त्व नसते. त्या प्रत्येकीला कोणत्या जातीचे अवधान लागते, आणि एकाच जातीचे अवधान मागणाऱ्या दोन कला एकाच दिवशी समोर येतात का, यावर सगळे अवलंबून असते. हे माझ्या लक्षात आले ते ठसे कोरायला घेतल्यानंतरच.

ठशाचे काम बाहेरून एक दिसत असले तरी त्यात निदान तीन वेगळी कामे दडलेली असतात. पहिले काम नक्षी बेतण्याचे. हे काम कागदावर कित्येक दिवस रेंगाळले तरी चालते, किंबहुना रेंगाळलेलेच बरे असते, कारण ठशाची नक्षी एकटी सुंदर दिसून भागत नाही. तिची उजवी कड पुढच्या छापाच्या डाव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी जुळावी लागते, आणि हा सांधा डोळ्यांना खुपतो की नाही हे कागद चार दिवस भिंतीवर लावून ठेवल्याशिवाय समजत नाही. दुसरे काम कोरण्याचे आणि तिसरे छापण्याचे. छापायला बसले की मात्र उठता येत नाही. तबकातला रंग कोरडा होऊ लागतो, ठशाच्या बारीक खाचांत तो साचून घट्ट होतो, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत हे सगळे इतके झपाट्याने घडते की दारावरची बेल वाजली तरी शेजारच्या घरातून कोणी तरी दार उघडावे अशी अपेक्षा ठेवावी लागते.

कोरण्याचे काम या दोहोंच्या मधले आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. पटाशी खाली ठेवली तर लाकडाला काही होत नाही, त्यामुळे हे काम कधीही थांबवता येईल असे वाटते. प्रत्यक्षात एखादी वळणदार रेघ अर्ध्यावर सोडून दोन तासांनी परत घेतली, तर हाताचा कोन आणि दाब तसेच्या तसे परत येत नाहीत आणि तो जोड छापात दिसतो. रेघेच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या कापून चालत नाही. पाते थोडे बाहेरच्या बाजूला कलते धरून रेघ पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी अरुंद ठेवावी लागते, नाही तर छापताना पडणाऱ्या दाबाखाली ती तुटते. हा उतार संपूर्ण रेघभर सारखा राहिला पाहिजे. म्हणून कोरण्याचे मोजमाप घड्याळावर ठेवण्यापेक्षा नक्षीच्या घटकांवर ठेवणे मला सोयीचे वाटते: एक पान, एक पाकळी, एक देठ. घटक पूर्ण होईपर्यंत उठायचे नाही आणि पुढचा घटक पूर्ण करण्याइतका निवांतपणा नसेल तर तो सुरूच करायचा नाही.

माझी सुरुवात लिनोवर झाली, तशी ती बहुतेकांची होते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि तागाचे कापड यांपासून जमिनीवर अंथरण्यासाठी तयार केलेले हे साहित्य पुढे चित्रकारांनी कोरकामासाठी उचलले. दांडीयात्रेतल्या काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेले काळे-पांढरे चित्र लिनोवरचेच आहे. लिनोला लाकडासारखे तंतू नसतात, त्यामुळे पाते कोणत्याही दिशेने सारखेच चालते. थंड प्रदेशात लिनो मऊ करण्यासाठी तो शेकून घ्यावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो इतका नरम होतो की उलट बारीक रेघा दबणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. कागदावर छापण्यासाठी लिनो उत्तम आहे. कापडावर पुन्हा पुन्हा, धुऊन धुऊन वापरायचा ठसा हवा असेल, तर मात्र लाकडाकडेच जावे लागते.

गुजरातमध्ये गांधीनगरजवळचे पेथापूर हे गाव असे लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिरांसाठी ओळखले जाते. त्यांची पद्धत मी माझ्या कुवतीप्रमाणे वापरते. सागाचा नीट वाळलेला तुकडा घासून पूर्णपणे सपाट करायचा, रेघ ठळक दिसावी म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, नक्षी उतरवायची, कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या गिरमिटाने खोल भाग आधी पोखरून घ्यायचा आणि मग छोट्या पटाश्यांनी कडा साफ करायच्या. ठसा मोठा असेल तर त्याला आरपार भोके पाडतात, म्हणजे छापताना अडकलेली हवा आणि जादा रंग बाहेर पडतो. शेवटी तो काही दिवस तेलात बुडवून ठेवतात. माझ्याकडे गिरमिट विजेवर चालणारे आहे आणि लाकूड सपाट करण्याचे काम मी गल्लीतल्या सुतारकाकांकडून करून घेते. पहिल्यांदा तुकडा घेऊन गेले तेव्हा, "ताई, एवढ्याशा फळीचं काय करणार?" असे त्यांनी विचारले होते, आता ते स्वतःच बिनगाठीचे तुकडे बाजूला काढून ठेवतात.

राजस्थानातल्या बगरूसारख्या छपाईच्या गावांत एकाच नक्षीसाठी बाह्यरेषेचा, भराईचा आणि पार्श्वभूमीचा असे वेगवेगळे ठसे वापरतात, आणि ते कोरणारे वेगळे व छापणारे वेगळे असतात. जपानमधल्या लाकडी ठशांच्या चित्रांत तर चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि हे सगळे घडवून आणणारा प्रकाशक अशी चार माणसांची वाटणी होती. होकुसाई हा पोरवयात काही वर्षे कोरण्याचेच काम शिकला होता, तरी पुढे चित्रकार म्हणून नाव झाल्यावर त्याच्या चित्रांचे ठसे इतर कोरक्यांनी कोरले. ही वाटणी मला महत्त्वाची वाटते. आज माझ्यासारखी एखादी व्यक्ती नक्षी बेतण्यापासून कापड इस्त्री करेपर्यंत सगळे एकटीने करते आणि त्याला आपण एक कला म्हणतो, तेव्हा पूर्वी तीन-चार माणसांच्या अंगवळणी पडलेली अवधाने ती एकाच अंगात कोंबत असते. "एकच कला धरा" या सल्ल्याला अर्थ उरत नाही तो इथे, कारण ती एक कलाच मुळात एक नसते.

हे समजायला सोलापूर सोडून कुठे जावे लागत नाही. इथल्या चादरीवरचा मोर किंवा हत्ती आधी ग्राफ पेपरवर उतरतो, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पडतात, आणि त्या पट्ट्या मागावर चढल्यावर कोणत्या वेळी ताण्याचे कोणते धागे वर उचलले जातील हे ती भोके ठरवतात. फ्रान्समध्ये ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली सिद्ध केलेली ही योजना शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत आपण गृहीतच धरतो. नक्षी काढणारा, पट्ट्या पाडणारा आणि माग चालवणारा ही तिथेही वेगवेगळी माणसे असतात. ग्राफवर नक्षी काढणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या शेजारी बसून मी त्यांचे काम पाहिले आहे. त्यांच्या मोराची मान गोल दिसत असली तरी ती चौकोनांच्या पायऱ्यांनी चढत जाते, आणि कोणती पायरी एका घराची व कोणती दोन घरांची ठेवली म्हणजे लांबून डोळा फसेल हे त्यांना न मोजता कळते. ठशावर वळण खरोखरच गोल काढता येते, आणि तेच माझ्यासारखीला महागात पडते, कारण सागाच्या तंतूंच्या दिशेने पाते सरसर जाते आणि तंतूंना आडवे वळले की कपचा उडू पाहतो.

आता उरलेल्या कलांकडे येते. ठसे आणि मोडी यांचे चांगले जमेल असे मला वाटत होते. दोन्हीकडे रेघच महत्त्वाची. प्रत्यक्षात या दोघींचे अजिबात पटत नाही. मोडीची सगळी मौज हात शक्यतो न उचलता लिहिण्यात आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे वळवत न्यायची, बोरूचा वेगच अक्षराला आकार देतो. कोरताना तीच वाहती रेघ दोन बाजूंनी, तुकड्यातुकड्याने, उलट्या दिशेने आणि अतिशय सावकाश सोडवावी लागते. अक्षरांच्या गाठींमधल्या इवल्याशा पोकळ्या साफ करताना तर वेग म्हणजे काय ते हात विसरून जातो. त्यात भर म्हणजे पटाशी धरून आवळलेली बोटे त्या दिवशी बोरू धरण्याच्या लायकीची राहत नाहीत. दोघींना एकाच जातीचे, सलग आणि बोटांच्या टोकाशी गोळा झालेले अवधान हवे असते, म्हणून त्या एकमेकींचा वेळ खातात. आठवडे वाटून दिल्याशिवाय या दोघी माझ्याकडे नांदत नाहीत.

कशिद्याचे तसे नाही. सुई कापडात टोचून ठेवली की दोन मिनिटांनी किंवा दोन महिन्यांनी तोच टाका पुढे चालू होतो. ठशाची नक्षी भिंतीवर मुरत असते, लाकूड तेलात पडलेले असते, छापलेले कापड वाळत असते, आणि या सगळ्या वाट पाहण्याच्या काळात कशिदा हक्काने शिरतो. छापलेल्या बाह्यरेषेवर टाके घालता येतात हा त्यातला वरचा फायदा. पण जमते ते त्या फायद्यामुळे नव्हे, मध्येच उठू देण्याच्या त्याच्या स्वभावामुळे जमते.

जलरंगांचा प्रश्न हवेवर सोडून द्यावा लागतो. ओल्या कागदावर रंग पसरू देण्याची मजा इथल्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर उरत नाही, कारण हात पुढे जाईपर्यंत मागचा रंग सुकलेला असतो. पावसाळ्यात कागद हवा तितका ओला राहतो आणि नेमके त्याच महिन्यांत छापलेले कापड लवकर वाळत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर जलरंग, आणि छपाई दिवाळीनंतर, ही विभागणी मी केली असे म्हणण्यापेक्षा ती हवेने करून दिली आहे.

अनेक कला हाताळणाऱ्यांच्या समर्थनार्थ आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणी बेतली आणि १९६७ साली त्यांच्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले, हे सगळे खरे आहे. मात्र ते उदाहरण देताना एक गोष्ट गाळली जाते: फलक, खेळणी आणि चित्रपट ही त्यांच्या आयुष्यात बऱ्याच अंतराने आलेली कामे होती आणि पहिली दोन पोटासाठी केलेली होती. एकाच आठवड्यात चार कला हव्या असणाऱ्या माझ्यासारखीला त्या उदाहरणातून फार काही मिळत नाही.

सोलापुरात राहून ठसे कोरते म्हटल्यावर "टॉवेलवर छापा, चादरीवर छापा" असे हमखास सुचवले जाते. टॉवेलच्या पृष्ठभागावर धाग्यांचे उभे फास असतात, त्यामुळे बारीक नक्षी त्यांच्यात हरवते, आणि चादर जाड व मुळातच विणीत नक्षी असलेली असते. ठशाला साधे, सपाट, घट्ट विणीचे सुती कापड लागते, आणि तेही खळ धुऊन काढलेले, नाही तर रंग आत न जाता वरच राहतो. असे कापड चाटी गल्लीत मिळते. दुकानदार काठापदराचे काही दाखवण्याच्या तयारीत असताना पांढरे, बिनकाठाचे, स्वस्तातले मागणे जरा अवघड जाते एवढेच.

सध्या भिंतीवर ज्वारीच्या कणसाची नक्षी लावलेली आहे. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडच्या शेतात बसून काढलेली रेखाटने तिला आधार म्हणून घेतली आहेत. पानांचा आणि देठाचा ठसा कोरून झाला आहे, पण दाण्यांचा अडला आहे. दाणे लाकडातच ठेवले तर सुटे उभे राहिलेले ठिपके छापताना मोडतील. बारीक ठिपक्यांसाठी लाकडात पितळेच्या खिळ्या ठोकण्याची जुनी रीत आहे, तिने ते टिकतील, मात्र खिळ्यांचे सगळे माथे एका पातळीत घासून आणणे हे माझ्यासाठी नवे काम आहे. सुतारकाका म्हणतात, आधी टाकाऊ फळीवर करून बघा. तोपर्यंत दाण्यांच्या जागी कशिद्यातल्या गाठीचे टाके घालून एक कापड पूर्ण करायला घेतले आहे, आणि मोडीचा पुढचा आठवडा मी या खिळ्यांना देऊन टाकला आहे.