आधी निस्तं पाणी मार

मातीची मोठी ताटं करायला घेतली तेव्हाच फवारणीशिवाय गत्यंतर नाही हे कळलं होतं. कॉफीचे मग, वाट्या ग्लेझच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या, बादलीत बुडवून काढता येतात. १२ इंची ताट बुडवायचं तर टबभर ग्लेझ कालवावं लागतं, आणि चिमट्याच्या खुणा राहतात त्या वेगळ्याच. शिवाय मला कडेला गडद आणि मध्याकडे विरत जाणारा निळा रंग हवा होता. तसं विरणं बुडवून येत नाही, ब्रशनेही येत नाही. तो फवाराच लागतो.

नाशकात गंगापूर रोडला घरामागच्या शेडमध्ये माझं काम चालतं. गाड्यांच्या रंगकामात वापरतात तसली वरच्या कपाची सेकंडहँड फवाऱ्याची गन, १.४ मिलिमीटरचं नोझल, २५ लिटर टाकीचा छोटा कंप्रेसर. दिवाळीआधी २४ ताटं द्यायची होती. पहिली सहा भट्टीतून काढली आणि पोटात गोळाच आला. पांढऱ्यावर निळे शिंतोडे, काही ठिकाणी मोहरीएवढे खड्डे, आणि एका बाजूला रंग दाट तर दुसऱ्या बाजूला फिका.

निळा रंग देणाऱ्या कोबाल्टची अडचण अशी की कच्च्या ग्लेझमध्ये तो निळा दिसतच नाही. माझ्या ग्लेझमध्ये एक टक्का कोबाल्ट ऑक्साइड आहे. फवारताना तो नुसता राखाडी दिसतो. एखादा थेंब जाड पडला तरी पुढचा हात फिरला की झाकला जातो. मग १,२२० अंशांना तोच थेंब ठसठशीत निळा होऊन वर येतो. म्हणजे चूक सोमवारी होते आणि कळते गुरुवारी, भट्टी थंड झाल्यावर.

पुढचे दोन आठवडे मी सगळा दोष ग्लेझला दिला. पाणी वाढवलं, तर ओघळ आले. ८० मेशऐवजी आणखी बारीक, १०० मेशच्या चाळणीतून गाळलं. सीएमसी नावाचा गोंद घातला. प्रेशर ३० पीएसआयवरून ५० वर नेलं, तर ग्लेझ ताटापर्यंत पोचायच्या आत सुकायला लागलं आणि पिठासारखं बसलं. बोट लावलं की निघून यायचं. हे सगळं मी एकाच वेळी बदलत होते, त्यामुळे कशाने काय झालं याचा पत्ता लागेना.

सप्टेंबर संपत आला होता, परतीचा पाऊस चालू होता. माझे मामा निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. छाटणीच्या आधी ट्रॅक्टरच्या ब्लोअरचं सामान न्यायला नाशकात आले, ते जेवायला घरी आले. मी शेडमध्येच होते. मागे उभं राहून त्यांनी गनचा आवाज ऐकला. फुस्स, फट्, फुस्स, फट्. म्हणाले, "आगं, आधी निस्तं पानी मार. पान्यानं बी थुकली तर यंत्राचं दुखणं. नाही थुकली तर औषधाचं."

बागेत ते नेहमी असंच करतात. बुरशीसाठी ते बोर्डो फवारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. चुन्याची कच नोझलात अडकते. त्यामुळे मिश्रण गाळूनच टाकीत घ्यायचं, आणि फवारा बिघडला की सगळ्यात आधी साधं पाणी मारून बघायचं. माझंही काम तेच आहे. पाण्यात तरंगणारी दगडाची भुकटी बारीक भोकातून काढायची. एवढं जवळचं नातं मला दोन आठवडे सुचलं नव्हतं.

कप धुतला, पाणी भरलं, भिंतीला पुठ्ठा टेकवून ट्रिगर ओढला. पाण्यानेही गन तशीच थुंकत होती. मामांनी कपाचं झाकण काढायला लावलं आणि परत ओढ म्हणाले. कपाच्या तळातून बुडबुडे येत होते, भात रटरटायला लागताना येतात तसे. हवेनं नोझलच्या बाहेरून जायचं असतं आणि रंगानं आतून. कपात बुडबुडे म्हणजे हवा रंगाच्या वाटेत शिरतेय. मग रंग सलग येत नाही, हवा-रंग, हवा-रंग असा उचक्या देत येतो.

गन खोलली. आधी नोझलच्या आतली सुई मागे ओढून काढायची आणि मगच नोझल फिरवायचं, नाहीतर सुई नोझलचं तोंड खराब करते. नोझल जिथे बसतं त्या कडेवर सुकलेल्या ग्लेझची कोर होती, नखाच्या कडेएवढी पातळ. तेवढ्यानेच नोझल पूर्ण बसत नव्हतं. कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने ती काढली, सुईच्या मागचा पॅकिंगचा नट पाव आटा घट्ट केला. परत पाणी भरलं. बुडबुडे बंद. आवाज एकसारखा, पाटातलं पाणी वाहावं तसा. तो आवाज ऐकून मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

फवाऱ्याचा आकार मात्र अजून चंद्रकोरीसारखा पडत होता. पुढची टोपी अर्धी फिरवली, तर कोरही फिरली. म्हणजे दोष टोपीत. न फिरती तर नोझलमध्ये शोधला असता. टोपीच्या एका शिंगाचं, म्हणजे पुढे आलेल्या टोकाचं, भोक बुजलं होतं. ते खराट्याच्या हिराने मोकळं केलं. तार घालू नका. भोक एकदा वेडंवाकडं झालं की ती टोपी गेली. झाकणातलं हवेचं बारीक छिद्रही बुजलेलं होतं, तेही उघडलं.

आता गनमध्ये ग्लेझ भरलं. दहा मिनिटं सुरेख चाललं आणि परत खड्डे पडायला लागले. या वेळी डाग रंगाचे नव्हते, पाण्याचे होते. छोटा कंप्रेसर सतत चालतो, तापतो, आणि पावसाळी दमट हवा दाबून पाठवतो. गरम हवेतली वाफ पाइपमध्ये थंड होऊन पाणी होते. हवेतलं पाणी अडवणारा माझा ट्रॅप कंप्रेसरलाच लावलेला होता. तिथे हवा अजून गरम, वाफ तशीच पुढे निघून जायची. तो काढून १० मीटर पाइपच्या शेवटी बसवला. टाकीचा खालचा नळ उघडला तर वाटीभर तांबूस पाणी निघालं. आता रोज काम संपलं की तो नळ उघडते.

ग्लेझकडे मी शेवटी वळले, आणि तेव्हा फारसं करायला उरलंच नव्हतं. १०० मेशमधून दोनदा गाळणं ठेवलं. तळाशी बसू नये म्हणून दोन टक्के बेंटोनाइट, ती एक चिकण माती. नोझल १.८ चं आणलं, कारण १.४ गाडीच्या पातळ रंगासाठी ठीक आहे, ग्लेझला अरुंद पडतं. प्रेशर परत ३० वर, पण ट्रिगर ओढलेला असताना काटा पाहून; सोडलेल्या गनवरचा आकडा खोटा असतो. अंतर एक वीत आणि चार बोटं. हात फिरला की ओली चमक क्षणभर दिसून जिरली पाहिजे. चमक दिसलीच नाही तर हात लांब आहे, टिकून राहिली तर ओघळणार. जाडी डोळ्यांवर सोडत नाही, कारण फवारलेला थर फुगीर असतो आणि आहे त्यापेक्षा जाड भासतो. ताट आधी आणि सुकल्यावर काट्यावर ठेवते. माझ्या या ग्लेझला १२ इंची ताटाच्या एका बाजूवर ७० ग्रॅमच्या आसपास कोरडं वजन वाढलं की पुरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. या धुक्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल, कापडी मास्क यांचा काही उपयोग नाही. रबरी कडेचा, फिल्टर बदलता येणारा मास्कच लावा, आणि शेड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मामा इतकी वर्षं तोंडाला उपरणं गुंडाळून फवारत आलेत. जाताना माझ्याकडचा जास्तीचा मास्क त्यांच्या पिशवीत घातला आणि औषधासाठी फिल्टर वेगळा लागतो, तो दुकानात विचारून घ्यायला सांगितलं. "घालतो गं," म्हणाले.

सहा नवी धरून चोवीसच्या चोवीस ताटं दिवाळीच्या आठ दिवस आधी भट्टीतून निघाली. एकवीस मला हवी होती तशी आहेत, निळा रंग कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तीन ताटांच्या कडेला गडद वळं उठलं, तिथे वळताना हात थांबला होता. ती तीन नव्याने केली. सुईच्या टोकाला मात्र आता एक चकाकती रेघ पडली आहे. ग्लेझ हळूहळू धातू खातंच. दुसरी सुई आणून ठेवली आहे.