खडकीचे सॅपर आणि फ्रान्समधली शेतं : या मोसमाची नोंद

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आलेल्या भारतीय सैनिकांच्या, त्यातही खडकीच्या सॅपर म्हणजे लष्करी बांधकाम-सुरुंगवाल्यांच्या, कबरी शोधणं हा आपला नाद. या मोसमात मोठी स्मारकं मुद्दाम बाजूला ठेवली. उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक आपल्यापैकी बहुतेकांचं बघून झालंय. वास्तुविशारद हर्बर्ट बेकरने आखलेला, अशोकस्तंभाच्या धर्तीवरचा जवळपास १५ मीटर उंच खांब, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ आणि गोल भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. १९२७ साली खुलं झालं. पण त्या भिंतीवर आहेत ती कबर न सापडलेल्यांची नावं. ज्यांच्या कबरी आहेत ते आसपासच्या खेड्यापाड्यांत विखुरलेत, आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. बस येते, खांबासमोर फोटो होतात, बस जाते.

म्हणून यंदा ला कूत्यूर गावाजवळची झेलोब ही वाडी धरली. तिथली भारतीय दफनभूमी लहान आहे, चारी बाजूंना शेतं. १९१४-१५ च्या लढायांच्या वेळी हा भाग आघाडीच्या काही किलोमीटर मागे होता.

दगड सगळे एका मापाचे, सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ रुंद. सुभेदार असो की भिश्ती, माप बदलत नाही. हिंदू सैनिकाच्या दगडावर माथ्याला देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं, त्याखाली इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. दगडाच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडं लावतात ती नुसत्या शोभेसाठी नव्हेत. पावसात मातीचे शिंतोडे उडून खालच्या ओळी मळू नयेत म्हणूनही ती असतात.

फोटोबद्दल थोडं, कारण नवीन मंडळी हे हमखास विचारतात. पांढऱ्या दगडावर दुपारचं ऊन समोरून पडलं की अक्षरं दिसेनाशी होतात. प्रकाश कडेने हवा. सूर्य सोयीचा नसेल तर मी हातआरशाने दगडाच्या अंगालगत उजेड फेकतो, मग झिजलेले आकडेही उठून दिसतात. खडू, पीठ, घासणी यांतलं काहीही दगडाला लावू नका. ‘जरासा खडू फिरवला, काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांना या नादापासून लांब ठेवलेलंच बरं.

आता मूळ विषय, खडकीचे सॅपर. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह-शापेल गाव जर्मनांकडून परत घ्यायला ४७ वी शीख पलटण पुढे गेली, तिच्याबरोबर ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. ही खडकीची माणसं. पूल बांधायला, सुरुंग लावायला, खंदक खणायला तयार केलेली. त्यांना संगिनी लावून पायदळासारखं गावात घुसवलं. घराघरांतून लढत ते आत पोचले, पण मागून कुमक आली नाही आणि गाव सोडावं लागलं. कसबी माणसं अशी एका दिवसात खर्ची घालणं मला आजही पटत नाही. आमच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की माघारीत मागे राहिलेल्यांच्या कबरी बहुधा नाहीतच, ते भिंतीवर गेले. दफनभूमीत सॅपर शोधायचा तर जखमी होऊन मागे आणलेला, नंतर दगावलेला शोधावा लागतो. म्हणून मी आता २८ तारखेनंतरचे दिवस आधी चाळतो.

दुसरं टोक आपल्याकडे आहे. सातारा, कोकण या भागांत कितीतरी गावांत संगमरवरी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले. पाटीवर आकडा असतो, नाव नसतं. उलट कबरींच्या नोंदवहीत कित्येकदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. ही दोन टोकं जुळवणं हाच माझा सध्याचा उद्योग.

या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर ‘इंडियन आर्मी’ निवडून यादी एक्सेलमध्ये उतरवता येते. मग जुने जिल्हे डोक्यात ठेवून गाळायची. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. रत्नागिरी लिहिलेलं गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं, कारण तो जिल्हा १९८१ सालचा. साताऱ्यात सांगलीकडची गावंही मोडतात. तालुका दिला असेल तर काम सोपं. नुसतं ‘नांदगाव’ असेल तर हात टेकायचे, महाराष्ट्रात नांदगावं काय कमी आहेत! काही नावं गावापर्यंत पोचली, बरीच अजून लटकलेली आहेत.

पुढचा बेत बर्लिनच्या दक्षिणेला, झेरेन्सडॉर्फचा. व्युन्सडॉर्फच्या छावणीत कैदेत मेलेल्या दोनशेहून जास्त हिंदी सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पूर्व जर्मनीच्या काळात देखभाल होईना, म्हणून १९६४ मध्ये त्यांची नावं नव्ह-शापेलला कांस्यपट्टीवर घेतली. जर्मनी एक झाल्यावर मूळ जागा पुन्हा नीट केली गेली. दोन्ही याद्या शेजारी ठेवून तपासायच्या आहेत.

तोवर एक काम तुमच्याकडे. गावाला गेलात की शाळेची भिंत, चावडी, देवळाचं आवार बघा. पाटी दिसली तर सरळ समोरून फोटो काढा आणि गाव-तालुक्यासकट पाठवा. रंग फासून अक्षरं बुजलेली असली तरी चालेल, कडेने उजेड टाकला की आकडा बहुतेक वाचता येतो.