तुम्ही विचारलंत म्हणून: आशाताईंना अजून काय शिकवायचं उरलंय?

पुण्यात आशाताईंच्या, म्हणजे वस्तीत घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविकांच्या, प्रशिक्षणाचं काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठेही. "दहावी झालेल्या बायकांना वर्षानुवर्षं शिकवता तरी काय? बाळाला लस, आईला गोळ्या, एवढंच ना? ते तर मोबाइलवरही कळतं."

कळतं, खरंय. लाल गोळी रक्तवाढीची आणि गरोदरपणात त्या १८० घ्यायच्या, हे वस्तीतल्या बहुतेक जणींना माहीत असतं. तरी पट्ट्या फडताळात तशाच पडून राहतात. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि सासूबाई म्हणतात, "गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं." तिथे १८० चा आकडा पुन्हा सांगून काय होणार?

म्हणून वर्गात एक ताई सासू होते, दुसरी सून, आणि तिसरीने गोळीबद्दल बोलायचं. सासू झालेली हमखास जिंकते. ती वाक्यं तिने स्वतःच्याच घरी ऐकलेली असतात! दोन-तीन फेऱ्यांनंतर तिसरीच्या लक्षात येतं की समजूत सुनेची नाही, सासूची काढायचीय. मग बोलणं बदलतं. शौचाला काळं होणं लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, ताटात लिंबाची फोड असू द्या.

दुखलं की माणूस आपणहून डॉक्टरकडे जातो. आशाताई ज्या दारात उभी राहते तिथे मात्र बहुतेकदा कुणाचंच काही दुखत नसतं. तिला कुणी बोलावलेलं नसतं. अशा घरात शिरून बाळाच्या अंगावरचं दुपटं बाजूला करायला लावणं, हे शिकवायला वेळ लागतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने बाळाच्या घरी जायचं असतं. शंका काढणाऱ्यांना मी गडचिरोलीचं सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशाताईंनी घरभेटी सुरू केल्या, त्यामागे हे काम आहे.

या भेटींतलं सगळ्यात अवघड काम दिसायला सोपं आहे: श्वास मोजणं. बाळ शांत हवं, छाती-पोट उघडं हवं, घड्याळ समोर हवं. पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. तेवढेच आले तर दवाखाना. वर्गात सरावाला दिलेली बाहुली श्वास घेत नाही, त्यामुळे प्रोजेक्टर लावून एसी हॉलमध्ये उरकलेल्या प्रशिक्षणावर माझा फारसा विश्वास नाही. वस्तीत, खऱ्या बाळाजवळ बसून मोजायला लागलं की पहिल्यांदा प्रत्येकीचा आकडा वेगळा येतो.

पुण्याची आणखी एक गोम आहे. गरोदर बाईचं नाव इथे नोंदवलेलं, बाळंतपण माहेरी बीडला नाहीतर लातूरला. बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन परत येते, कधीकधी तोवर खोलीही बदललेली असते. नेमक्या नाजूक दिवसांतल्या भेटी अशा दोन गावांच्या मधे गळून पडतात. म्हणून जायच्या आधीच तपासण्या आणि लसींच्या नोंदींचं माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालायला लावायचं आणि तिकडच्या आशाताईचा नंबर घ्यायचा, हेही आता आम्ही शिकवतो. बांधकामावरच्या कुटुंबांचं याहून कठीण, त्यांचं कधीतरी स्वतंत्र लिहीन.

"मग आम्ही काय करू?" असंही काहीजण विचारतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढे जाता येतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई गरोदर असतील, तर त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या. पगार न कापता.