कांपुंग नागा : सुंदा मुलखातील दरीतले गाव

इंडोनेशियातल्या कांपुंग नागा (‘कांपुंग’ म्हणजे गाव) या वस्तीच्या नावातला ‘नागा’ ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर फणा काढलेला नाग उभा राहतो; आमचेही तसेच झाले होते. गावात मात्र याची सरळ फोड सांगतात. तिथल्या सुंदा लोकांच्या सुंदानी भाषेत ‘गाविर’ म्हणजे कडा किंवा तीव्र उतार, आणि ‘ना गाविर’, म्हणजे ‘उतारावरचे’, हे शब्द बोलता बोलता आखूड होऊन ‘नागा’ झाले. पश्चिम जावातील तासिकमालाया जिल्ह्यात, सालावू तालुक्यातील नेग्लासारी या गावाच्या हद्दीत ही वस्ती आहे. गारुत ते तासिकमालाया या वाहत्या रस्त्याला ती इतकी लागून आहे की वर मालमोटारींचा आवाज चालू असतो. पण दरीत उतरल्याशिवाय तिचे एक छप्परही दिसत नाही.

आम्ही पती-पत्नी जुलैमध्ये गेलो. जकार्ताच्या पासार सनेन स्थानकातून गारुतपर्यंत २०२२ पासून थेट रेल्वेगाडी आहे, आणि गारुतच्या गुंतुर बसस्थानकावरून सिंगापार्नाकडे जाणारी ‘एल्फ’ नावाची छोटी प्रवासी गाडी सुमारे २६ किलोमीटरवर गावाच्या वाहनतळाशी उतरवते. चालकाला ‘कांपुंग नागा’ एवढेच सांगितले तरी पुरते. बांडुंगला मुक्काम असेल, तर तेथून गारुतमार्गे रस्त्यानेही येता येते.

आमची चूक एकच झाली, आणि ती इतरांनी करू नये म्हणून आधी सांगतो. आम्ही मंगळवारी पोहोचलो. वाहनतळाशी गावातलेच मार्गदर्शक भेटतात आणि त्यांना सोबत घेऊनच खाली उतरायचे असते. आमच्या मार्गदर्शकाने घरे, शेते, तळी यांविषयी मनापासून माहिती दिली. पण गावाचा मूळ पुरुष कोण, ही वस्ती कधीची, असे विचारताच तो नम्रपणे थांबला. मंगळवार, बुधवार आणि शनिवार या तीन दिवशी पूर्वजांविषयी आणि रूढींविषयी बोलणे येथे निषिद्ध आहे. अशा निषेधाला ते ‘पामाली’ म्हणतात, आणि पाहुण्यासाठी तो सैल केला जात नाही. गुरुवारी पुन्हा या, असे त्याने सुचवले. आम्ही गारुतला परतलो, गुरुवारी पुन्हा आलो, आणि तो निर्णय संपूर्ण प्रवासातला सर्वांत योग्य निर्णय ठरला. ज्यांना गाव केवळ पाहायचे नसून समजून घ्यायचे आहे, त्यांनी हे तीन वार टाळूनच बेत आखावा.

खाली जाणारी वाट म्हणजे साडेचारशेच्या आसपास बांधीव पायऱ्या. मोजणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत, आमचेही जुळले नाहीत. उतरताना भातखाचरांचे थर उलगडत जातात आणि तळाशी चिवुलान नदी दिसते. वस्ती तिच्या काठाने थोडे चालून गेल्यावर येते. चढून येताना गुडघ्यांची परीक्षा होते, म्हणून ज्येष्ठांनी सकाळी लवकर उतरून, थांबत थांबत परतावे. पावसाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, पायऱ्या निसरड्या होतात. तेव्हा पकड असलेली पादत्राणे घालावीत. पट्ट्यांच्या चपला वापरू नयेत.

वस्तीत शंभराहून थोडी अधिक घरे आहेत आणि ती संख्या वाढत नाही, कारण जागा तेवढीच आहे. वाढलेली कुटुंबे बाहेर राहतात आणि सणाला परत येतात. सगळी घरे एकाच दिशेच्या रांगांत, आढे पूर्व-पश्चिम आणि दारे उत्तरेला किंवा दक्षिणेला, अशी उभी आहेत. दगडांवर टेकवलेले लाकडी खांब, बांबूच्या विणलेल्या भिंती आणि आरेन या ताडवर्गीय झाडाच्या ‘इजुक’ नावाच्या काळ्या तंतूंचे छप्पर. आपल्याकडच्या कुडाच्या घराची आठवण येते, परंतु येथे भिंतीला शेणमातीचा लेप नसतो, चुन्याचा पांढरा हात तेवढा असतो. खांब जमिनीत पुरलेले नसल्यामुळे घर धक्क्याबरोबर हलते आणि पुन्हा स्थिरावते; २ सप्टेंबर २००९ रोजी तासिकमालायाच्या मोठ्या भूकंपात आसपासची पक्की घरे कोसळली, तेव्हा ही घरे उभी राहिली. घरात टेबल-खुर्ची नाही, सर्वांनी चटईवर बसायचे. स्वयंपाकघराची भिंत मुद्दाम विरळ विणलेली असते, म्हणजे धूर बाहेर जातो आणि चूल भडकली तर ते शेजाऱ्याला बाहेरूनच कळते. तांदूळ ठेवण्याच्या ‘गोआह’ या खोलीत फक्त स्त्रियाच जातात.

वीज नाही. ती पोहोचू शकत नाही म्हणून नव्हे, तर गावाने ती घेतलेली नाही. वाळलेल्या छपरांना आगीची भीती हे एक कारण. आणि वीज आली की एका घरात वस्तू येतील, दुसऱ्यात येणार नाहीत आणि मन दुभंगेल, हे दुसरे. मला दुसरे कारण अधिक वजनाचे वाटले.

मला सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवले ते पाण्याच्या व्यवस्थेने. बांबूच्या कुंपणाच्या आत घरे, मशीद आणि सभागृह. कुंपणाबाहेर नदीच्या बाजूला माशांची तळी, न्हाणीघरे, शौचालये आणि जनावरांचे गोठे. भात कांडण्याची उखळे-मुसळे एका छोट्या माचीवर तळ्याच्याच वर मांडलेली आहेत, त्यामुळे कांडताना सांडणारा कोंडा थेट पाण्यात पडतो आणि माशांच्या पोटात जातो. शौचालयेही तळ्यांवरच आहेत. घरातले उरलेसुरले माशांना आणि मासे पुन्हा घरात, असा हा फेर आहे. एका वृद्ध बाईंनी माझ्या पत्नीच्या हातात मुसळ दिले. चार घावांतच तिला घाम आला आणि माचीवरच्या साऱ्या जणी मनमोकळ्या हसल्या.

नदीच्या पलीकडे ‘लउवुंग लारांगान’, म्हणजे निषिद्ध वन आहे. तेथे कोणीही पाय ठेवत नाही आणि पडलेली फांदीही उचलत नाही. पश्चिमेच्या टेकडीवरच्या दुसऱ्या वनात पूर्वजांच्या कबरी आहेत. सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की येथील लोक मुसलमान आहेत, आणि पूर्वजांची रूढी व इस्लाम हे दोन्ही ते एकाच जीवनात, कोणतेही अवघडलेपण न ठेवता सांभाळतात. वर्षातून सहा वेळा ‘हाजात सासिह’ हा विधी होतो. पुरुष नदीत स्नान करून, पांढरे अंगरखे घालून, हातात झाडू घेऊन अनवाणी त्या कबरी झाडायला जातात. पाहुण्यांना तेथे प्रवेश नाही. पवित्र मानल्या जाणाऱ्या ‘बुमी आगुंग’ या घराचे छायाचित्रही घेऊ नये.

गुरुवारी संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात, मंगळवारी अडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १९५६ मध्ये, इस्लामी राज्यासाठी लढणाऱ्या कार्तोसुविर्यो यांच्या दारुल इस्लाम बंडखोरांनी हे गाव जाळले, कारण गावकरी इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने होते. त्या आगीत पूर्वजांच्या वस्तू आणि पोथ्या नष्ट झाल्या. उगमाविषयी काय उरले, असे विचारले की ते दोनच शब्द सांगतात : ‘पारउम ओबोर’, म्हणजे मशाल विझली. सिंगापार्ना या पूर्वपुरुषाचे नाव आणि कबर तेवढी राहिली. ज्यांच्याकडे लिखित काहीच उरले नाही, त्यांनी घराचे तोंड, खांबाखालचा दगड, बोलण्याचे आणि न बोलण्याचे वार इतक्या कसोशीने का जपले, हे मला त्या संध्याकाळी कळले.

मुक्काम करायचा असल्यास ‘कुंचेन’, म्हणजे रूढींचे प्रमुख, यांची परवानगी मार्गदर्शकामार्फत आधी घ्यावी. चटई, पातळ पांघरूण आणि चुलीवरचे जेवण मिळते. विजेरी आणि भरलेली पॉवर बँक आपली आपण न्यावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. रोख रुपिया सुट्ट्या नोटांत जवळ ठेवावेत. शाकाहारी मंडळींसाठी भात, ताहू (टोफू), तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ‘लालाप’ ही कच्च्या पाल्याभाज्यांची थाळी उत्तम. मात्र सांबाल या मिरचीच्या चटणीत ‘तेरासी’, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा गोळा, बहुधा असतोच, म्हणून ‘तांपा तेरासी, तांपा इकान’ (तेरासी नको, मासे नकोत) असे आधीच सांगावे. कोणाच्या ओसरीसमोरून जाताना ‘पुंतेन’ म्हणावे. आतून ‘मांगा’ असे उत्तर येते आणि बहुतेक वेळा त्यापाठोपाठ चहाही येतो.

बांबूच्या टोपल्या आणि सुपे ओसरीवरच विणली जातात आणि तेथेच विकतही मिळतात. आम्ही एक लहान सूप घेतले. परतीची एल्फ पकडायची असेल तर उन्हे कलण्यापूर्वीच पायऱ्या चढायला लागावे, कारण अंधार पडल्यावर वाहने विरळ होतात आणि वाटेवर दिवा नसतो.