बोर्डावर दिसेना पिग्मीची पावती

आमच्या ऑफिसात सगळं काम जिरावर, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर, चालतं. "जिऱ्यात टाक", "जिऱ्यात बघ" अशी आमची भाषा. अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने 2002 साली आणलेल्या या सॉफ्टवेअरचं नाव गॉडझिलाच्या जपानी नावावरून, 'गोजिरा'वरून, आलंय. मला मात्र त्यात आधी फोडणी ऐकू यायची. गेल्या फेब्रुवारीपासून 'जिरवणे' हे क्रियापद ऐकू येतं, कारण तेव्हा माझी चांगलीच जिरली.

पुण्यातली आमची छोटी टीम सांगलीकडच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बनवते. ठेवी, सोनेतारण, पिग्मी, सगळं. दर सोमवारी अकराला तिथल्या व्यवस्थापक साहेबांबरोबर कॉल असतो. तोवर मी त्यांना एक्सेल दाखवायचे. एका शुक्रवारी सर म्हणाले, "एक्सेल बास झालं. थेट बोर्डच दाखवू त्यांना. फक्त आपली घरची कामं त्यात नकोत." घरची म्हणजे सर्व्हर बदलणं, जुना कोड आवरणं, नव्या मुलाला शिकवणं. जिरात प्रत्येक कामाच्या नोंदीला तिकीट म्हणतात. अशा घरच्या तिकिटांवर आम्ही 'इनहाऊस' असं लेबल लावतो. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

बोर्ड म्हणजे फळा आणि त्यावर आपण चिकटवलेली कार्डं, अशी माझी समजूत होती. निदान आमच्यासारख्या कंपनी-मॅनेज्ड, म्हणजे जिराचा अ‍ॅडमिन सांभाळतो त्या, प्रोजेक्टमध्ये तसं नसतं. तिथे बोर्डाच्या मालकीचं एकही तिकीट नसतं. बोर्डामागे एक सेव्ह केलेला फिल्टर असतो, तो जेक्यूएल नावाच्या भाषेत लिहायचा, आणि त्याच्या अटीत बसतील तेवढीच तिकिटं समोर येतात. (टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये बोर्ड त्या प्रोजेक्टलाच बांधलेला असतो. तिथे ही भानगड नाही.) मी अट लिहिली: प्रोजेक्ट आमचा, आणि लेबल 'इनहाऊस' नाही. बोर्ड छान सुटसुटीत दिसला. एकूण एकोणीस तिकिटं. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण शुक्रवारचे साडेसहा वाजले होते.

सोमवारी साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, पिग्मी एजंटच्या पावतीचं काय झालं?" मी वरपासून खालपर्यंत बोर्ड चाळला. पावती नाही. सोनेतारणाचा मूल्यांकन फॉर्म नाही. थकबाकीची यादी, जिच्यासाठी महिनाभर रोज फोन येत होते, तीही नाही. "आहे साहेब, फक्त इथे दिसत नाहीये," असं म्हटल्यावर पलीकडून जी शांतता आली ती अजून आठवते.

दुपारी डबा न खाता हिशेब मांडला. प्रोजेक्टमध्ये 143 तिकिटं. 'इनहाऊस'वाली 31. म्हणजे 112 दिसायला हवीत आणि दिसतात 19. हे 19 कोण? ज्यांच्यावर 'तातडीचं' किंवा 'रिपोर्ट' असं दुसरं काहीतरी लेबल होतं ते. उरलेल्या 93 वर लेबलच नव्हतं. जेक्यूएलमध्ये 'लेबल अमुक नाही' याचा अर्थ 'लेबल आहे, पण ते अमुक नाही' असा होतो. रकाना रिकामा असेल तर ते तिकीट अटीत बसतच नाही. आपण "कांदा नसलेली भाजी द्या" म्हणतो तेव्हा ज्या भाजीत काहीच घातलं नाही तीही चालते. जिराला नाही चालत.

मग मी शेवटी जोडलं: किंवा लेबल रिकामं आहे. पिग्मीची पावती आली! आणि तिच्या शेजारी 'पँट्रीतला गिझर दुरुस्त करणे' हेही आलं. एचआरच्या प्रोजेक्टमधून. पाठोपाठ खुर्च्यांची ऑर्डर, कुणाचं तरी ओळखपत्र, दुसऱ्या टीमचं सगळं बाडबिस्तर. 'आणि' हे 'किंवा'पेक्षा आधी बांधलं जातं, त्यामुळे माझ्या वाक्याचा अर्थ झाला होता: आमच्या प्रोजेक्टमधली ती एकोणीस, किंवा मग कुठल्याही प्रोजेक्टमधलं बिनलेबलाचं काहीही. लेबलाच्या दोन्ही अटी एका कंसात घातल्या आणि आकडा बरोबर 112 वर आला. शाळेतल्या कंचेभागुबेव नंतर कंसाची इतकी किंमत मला कधी कळली नव्हती.

फिल्टरचा आकडा जुळला, बोर्डावरची कार्डं मात्र जुळेनात. काही कामं 'डन' होऊन दोन आठवडे उलटले म्हणून लपली होती. कानबान बोर्डात, म्हणजे कामं एकेका टप्प्याच्या कॉलममधून पुढे सरकतात त्या बोर्डात, तशी सोय असते, ते ठीक. ती धरूनही सात कमी. काम कुठवर आलं ते तिकिटाचं स्टेटस सांगतं. ही सात 'क्लायंटचं उत्तर हवं' या स्टेटसमध्ये होती आणि ते स्टेटस मी बोर्डाच्या कुठल्याच कॉलमला जोडलं नव्हतं. जे स्टेटस कॉलममध्ये नाही, त्यातलं तिकीट फिल्टरमध्ये असूनही बोर्डावर येत नाही. आता बघा, ज्या सात कामांसाठी साहेबांना खास कॉलवर बोलवायचं, नेमकी तीच गायब! पाच मिनिटांत कॉलम जोडला. मधेच सर म्हणाले, "अगं, मला तुझा बोर्डच सापडत नाहीये." फिल्टर माझ्या एकटीपुरता खासगी ठेवलेला. तो टीमला शेअर केला.

पुढचा सोमवार. सगळं जागच्या जागी. मी ऐटीत स्क्रीन शेअर केला आणि बोलत बोलत खाली सरकवत गेले. मधेच साहेबांचा आवाज आला, "थांबा थांबा, वर घ्या जरा." कार्डावर लिहिलं होतं: 'क्लायंटने चौथ्यांदा फॉरमॅट बदललाय, याचे तास लावायचे का?'

हे तिकीट घरचंच. पण टाकणाऱ्याने लेबल लिहिलं होतं 'इन-हाऊस', मधे आडवी रेघ देऊन. जिराच्या लेखी ते वेगळं लेबल. मी 'इनहाऊस'वाली वगळली होती, हे त्यांत मोजलंच गेलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे. साहेब म्हणाले, "चौथ्यांदा नव्हे हो, तिसऱ्यांदा. एकदा तुमच्याच मुलाने चुकवलं होतं."

त्या दिवशी लेबलांचा नाद सोडला. लेबल कुणीही, कसंही टाइप करतं. कम्पोनंट म्हणजे तिकीट कुठल्या गटातलं ते सांगणारा रकाना. त्याची यादी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आधी ठरवलेली असते आणि तिच्यातूनच निवडावं लागतं. 'पतसंस्था' आणि 'घरचं' असे दोन कम्पोनंट केले, बल्क चेंजने, म्हणजे अनेक तिकिटं एकदम बदलायच्या सोयीने, सगळ्या तिकिटांना लावले, आणि मेल पाठवण्याची खूण आठवणीने काढली, नाहीतर टीमच्या इनबॉक्सात शंभरावर मेल पडले असते. कोणतं कुठे घालायचं यात मात्र पूर्ण दुपार गेली. 'एसएमएस सर्व्हर बदलणे' हे कुणाचं काम? सर्व्हर आमचा, एसएमएस त्यांच्या खातेदारांना. वाद घालून शेवटी दोन्ही कम्पोनंट लावले. आता फिल्टरमध्ये 'नाही' हा शब्दच नाही: प्रोजेक्ट आमचा, कम्पोनंट पतसंस्था. नवं तिकीट कम्पोनंट न निवडता बनतच नाही.

साहेबांनी मधे स्वतःचं लॉगिन मागितलं. ते मी अजून अडवून धरलंय. फिल्टर बोर्डावरून लपवतो, कुलूप लावत नाही. प्रोजेक्ट बघायची परवानगी मिळाली की सर्चमध्ये सगळंच सापडतं. घरची तिकिटं वेगळ्या प्रोजेक्टमध्ये हलवता येतील, पण मग त्यांचे नंबर बदलतात. जुन्या लिंकवरून नव्या नंबरावर पोचता येतं, तरी आमची मुलं बोलताना नंबरच बोलतात, त्यामुळे ती तयार नाहीत.

सोमवारचा कॉल मात्र आता वेळेवर संपतो. स्क्रीन शेअर झाला की साहेब आधी विचारतात, "ताई, आज माझ्याबद्दल काही लिहिलंय का?"