आबांच्या मुठीचं माप

काल गळाची काठी आबांच्या हातात दिली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

त्यांनी मूठ आवळली. बोटं मिळालीच नाहीत. मधलं बोट तळव्याच्या अलीकडेच थांबलं. “झकास झालीय,” म्हणाले, काठी भिंतीला टेकवली आणि चहा मागितला.

पंधरा दिवस झटत होतो त्या मुठीशी. बुचाच्या अर्धा-अर्धा इंची २० चकत्या, मागच्या मुठीला १४, पुढे ६. मेण चोळलेल्या आट्यांच्या सळईवर ओवल्या, मध्ये इपॉक्सी गोंद, दोन्हीकडून नट आवळून रात्रभर ठेवल्या. मग सळई ड्रिलला लावून पॉलिशपेपर. आधी ८० नंबर, मग १२०, २२०, शेवटी ४००. ३२ मिलिमीटरवरून २९वर आणलं आणि थांबलो. का, तर आबांचा हात मोठा! खाडीवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, धरलेला, मी नववीत असतानाचा. ते माप डोक्यात धरून बसलो. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचा हात एकदाही हातात घेऊन पाहिला नाही.

आधी स्वतःचीच कीव आली. कोणी सांगायचं नाही का मला? ताईला ठाऊक होतं. त्यांची अंगठी कपाटात गेली त्याला वर्ष झालं म्हणे. जाऊ दे.

बूच पोर्तुगालचं. (आपल्या पांढऱ्या फुलांच्या बुचाचं नव्हे, आई दोनदा विचारून गेली.) ते झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, पुढे ९-९ वर्षांनी, आणि चांगलं बूच मिळतं तिसऱ्या खेपेपासून. इतकी वर्षं थांबून मिळालेली वस्तू, आणि मी अंदाजाने घासली.

आता रीळ बसायची जागा चिकटून पक्की झालीय, ड्रिल चालणार नाही. तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी पेपरची पट्टी ओढत बसलो. दर दहा ओढींना काठी फिरवायची, नाहीतर एका अंगाला सपाट होते. २७. २६. जास्त घासलं असतं तर परत चढवता आलं नसतं. जाड राहिलंय ते उतरवता येतं. हे दुपारी डोक्यात आलं, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

संध्याकाळी आबांना ओट्यावर बोलावलं. “धरा.” धरली.

“अजून जरा,” म्हणाले. काल हे बोलले नव्हते.

काठी त्यांनीच मांडीवर धरली, मी पट्टी ओढली. २५ला बोटं टेकली. भुसा बाटलीत भरून ठेवलाय, बुचातले दोन खड्डे बुजवायचे आहेत.

“उद्या नवमी,” आबा पेरांवर मोजत म्हणाले, “तिथीची पाऊणपट केली की पावणेसातला भरती.”