तुम्ही विचारलेत म्हणून: वॉरक्राफ्ट ३ सर्वांत वर का?

‘मोठे सैन्य उभारणाऱ्यालाच ज्यात दंड बसतो आणि एक हीरो (लढून अनुभव मिळवत बलवान होणारा सेनानायक) पडला की सगळी मॅच फिरते, तो गेम तुम्ही स्टारक्राफ्ट आणि एज ऑफ मिथॉलॉजीच्या वर कसा ठेवता?’ रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमच्या, म्हणजे सोने गोळा करून, सैन्य उभारून एकाच वेळी लढायच्या गेमच्या माझ्या क्रमवारीत वॉरक्राफ्ट ३ पहिला आहे, म्हणून हे मला इतक्या जणांनी आणि इतक्या सुरांत विचारले आहे की त्यातला आक्षेप आता तोंडपाठ झाला आहे. पुष्कळदा तो प्रश्न नसतोच. वॉरक्राफ्ट ३ म्हणजे सोन्याची खाण आणि बराकी जोडलेला रोल-प्लेइंग गेम, हा निकाल आधीच लागलेला असतो आणि त्यावर माझी फक्त सही हवी असते. ती मिळणार नाही. पण उत्तर एकदा नीट द्यायला हवे.

आधी अपकीप, म्हणजे सैन्य वाढले की सोन्याच्या आवकीत होणारी कपात. ‘द फ्रोझन थ्रोन’ या त्याच्या विस्तारात (२००३) तुमचे सैन्य ५० फूडपर्यंत (फूड म्हणजे सैन्याचा आकार मोजायचे एकक) असेल तर कामगार दर खेपेला १० सोने आणतो, ५१ ते ८० मध्ये त्यातले ७ हाती लागतात आणि ८० च्या पुढे ४. याला यशावरचा कर म्हणतात. म्हणा, पण मग बाकीच्यांनाही तोच न्याय लावा. बॅटल रेल्म्समध्ये (२००१) लोकसंख्या वाढते तसे नवे शेतकरी जन्माला येण्याचा वेग मंदावतो. कंपनी ऑफ हीरोजमध्ये (२००६) सैन्य वाढले की मनुष्यबळाची आवक घटते. त्या दोघांना कोणी करवसुली करणारे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, कारण तिथे कपात मुकाट्याने होते आणि वॉरक्राफ्ट मात्र ती पडद्याच्या वरच्या कडेला शब्दांत लिहून दाखवतो. वर मॅच संपल्यावर गुणांच्या तक्त्यात अपकीपमध्ये किती सोने गेले त्याचा वेगळा रकाना देतो, म्हणजे हरलेल्याच्या जखमेवर मीठ.

दुसरी गोष्ट तुलना करणारे सहसा मोजतच नाहीत. स्टारक्राफ्टमधल्या मरीन या साध्या सैनिकाचे आयुष्य ४० अंकांचे आणि त्याची गोळी ६ अंकांची. अपग्रेड नसताना दोन मरीन समोरासमोर आले तर सात गोळ्यांत एक संपतो. वॉरक्राफ्टमधल्या फुटमन या साध्या पायदळ सैनिकाचे आयुष्य ४२० आणि त्याचा घाव १२-१३ चा. चिलखताचा वाटा वजा केला तर त्याच्यासारख्याच दुसऱ्या फुटमनला पाडायला तीसहून अधिक घाव लागतात. एवढा अवकाश मिळतो म्हणूनच जखमी फुटमनला मागे खेचणे, शत्रूच्या एकाच युनिटला चहूबाजूंनी घेरणे, पळणाऱ्याची वाट अडवणे या गोष्टी निर्णायक ठरतात. स्टारक्राफ्टमध्ये २०० सप्लायचे, म्हणजे कमाल मर्यादेचे सैन्य गेले तरी मागे अर्थव्यवस्था उभी असेल तर तुम्ही ते पुन्हा उभारता. इथे मेलेले प्रत्येक युनिट विरोधी हीरोला अनुभव देऊन जाते, म्हणून सैन्य खर्च करायचे नसते, जपायचे असते. हा गेम मला वर ठेवावासा वाटतो तो यासाठी.

आता ज्या मॅचमुळे हे मत घट्ट झाले, की डळमळले, ती सांगतो. माझा पक्ष ह्यूमन होता आणि समोरच्याचा ऑर्क. मिलिशिया (हत्यार हाती घेतलेले कामगार) घेऊन मी दुसऱ्या खाणीवरचे क्रीप (कोणाच्याच बाजूचे नसलेले राखणदार प्राणी) मारायला गेलो, वॉटर एलिमेंटल (जादूने उभा केलेला पाण्याचा योद्धा) पुढे केला, आर्चमेज या माझ्या जादूगार हीरोला मागे ठेवले. सगळे शिस्तीत चालले होते. सर्वांत मोठ्या क्रीपचे शेवटचे काही अंक उरले असताना विंड वॉकमधून (अदृश्य होण्याची जादू) त्याचा हीरो ब्लेडमास्टर प्रकट झाला, त्याने शेवटचा घाव घातला, खाली पडलेले क्लॉज ऑफ अटॅक (हीरोचा घाव वाढवणारा आयटम) उचलले आणि तो निघून गेला. मेहनत माझी, अनुभव त्याचा, आयटमही त्याचा. तरी खाण माझ्या ताब्यात होती, आणि स्ट्रॅटेजी गेमच्या कोणत्याही व्याकरणात खाण ही आयटमपेक्षा मोठी असते. मी दुसरा टाउन हॉल बांधला, प्रीस्ट आणि सॉर्सेरेस ही जादू करणारी युनिट काढली आणि ५० फूडची रेषा जाणूनबुजून ओलांडली. हिशेब सरळ होता: त्याच्या एका खाणीतून खेपेला १०, माझ्या दोन खाणींतून ७ अधिक ७. कर भरूनही मी पुढे होतो.

शेवटची लढाई मॅपच्या मधोमध झाली. माझे सैन्य उघडपणे मोठे होते. त्याने माझ्या फुटमनकडे पाहिलेही नाही. त्याच्या शॅडो हंटर या दुसऱ्या हीरोने आर्चमेजवर हेक्स टाकला, आर्चमेजचा एक क्षुद्र प्राणी झाला, आणि खिशात टाउन पोर्टल (तळावर परत नेणारा आयटम) असूनही मला ते वापरता येईना, कारण हेक्स असताना हीरोला आयटम वापरता येत नाहीत. त्या तेवढ्या क्षणांत माझेच क्लॉज ऑफ अटॅक बाळगणाऱ्या ब्लेडमास्टरचे दोन क्रिटिकल (कधीमधीच लागणारे जबर घाव) लागोपाठ बसले आणि आर्चमेज पडला. त्याच्यासोबत ब्रिलियन्स ऑरा गेला, म्हणजे आसपासच्या सैन्याचा माना (जादूसाठी लागणारी ऊर्जा) भरत ठेवणारा त्याचा प्रभाव. सॉर्सेरेसचे स्लो थांबले, प्रीस्टचे हील थांबले, माना परत भरेचना, आणि संख्येने मोठे असलेले ते सैन्य नुसत्या चालत्या पुतळ्यांची रांग होऊन त्याच्या हीरोंना अनुभव पुरवू लागले. अल्टरवर आर्चमेजला जिवंत करायला टाकले खरे, पण तो उभा राहिला तेव्हा वाचवण्यासारखे काही उरलेच नव्हते. मागे बसून पाहणाऱ्या मित्राने विचारले, ‘सैन्य तुझे मोठे होते ना? मग हरलास कसा?’ म्हणजे तुमचाच प्रश्न.

अनेक वर्षांपूर्वीचा मी या मित्राच्या बाजूने बोलला असता. त्या वेळी माझा कौल एज ऑफ मिथॉलॉजीला होता, आणि त्याची कारणे आजही मला फेकून देता येत नाहीत. दोन्ही गेम २००२ चे आणि दोघांतही हीरो आहेत. पण तिथला हीरो सत्तेवर बसत नाही, साखळीत बसतो: पौराणिक प्राणी सैनिकांना भारी, सैनिक हीरोला भारी, हीरो प्राण्यांना भारी. देवकृपा मिळवण्याची रीतही संस्कृतीगणिक वेगळी, ग्रीकांनी प्रार्थना करायची, इजिप्शियनांनी स्मारके बांधायची, नॉर्सनी लढायचे. तो जुना मी म्हणतो की स्ट्रॅटेजी म्हणजे आधी केलेल्या निवडींचे फळ, आणि ज्या गेममध्ये खाण जिंकून, कर भरून, हिशेब बरोबर असूनही माणूस एका हेक्समध्ये हरतो तिथे फळाचा संबंध निवडीशी उरत नाही. मी त्याला म्हणतो की आर्चमेजला एवढे पुढे आणणे हीही निवडच होती. त्यावर तो विचारतो की क्लॉज ऑफ अटॅकच पडणे ही कोणाची निवड होती? क्रीपकडून ठरलेल्या वर्गातला कोणताही आयटम पडू शकतो, क्रिटिकलही संभाव्यतेवर लागतो, आणि लागोपाठ दोन बसले याला कौशल्य म्हणण्याचा निर्लज्जपणा माझ्याकडे नाही. पुढे गेलेला हीरो आणखी पुढे जात राहतो, हा दोषही खरा आहे. क्रीप मारून पाचव्या लेव्हलच्या पुढे जाता येत नाही ही मर्यादा तो थोडा रोखते. समोरच्या सैन्यावर पोसलेल्या हीरोला ती काही करत नाही.

तरीही क्रमवारी बदललेली नाही. डॉन ऑफ वॉरने (२००४) संसाधने गोळा करणारे कामगारच काढून टाकले आणि ठाणी जिंकण्यावर सगळा भर दिला. बॅटल फॉर मिडल-अर्थने त्याच वर्षी सैनिकांच्या तुकड्या दिल्या, पण बांधकाम ठरलेल्या चौथऱ्यांवर अडकवले. दोन्ही पाहायला देखणे आहेत. पण दहा सैनिकांतला नेमका एक मागे ओढून वाचवल्याचे समाधान त्यांत नाही, कारण तिथे तो एक तुमच्या हुकमातच नसतो. २०२० च्या रिफोर्ज्ड या नव्या आवृत्तीचा विषय काढू नका. मी मूळ गेमबद्दल बोलतो आहे.

आणि हो, या प्रकारात नव्याने शिरणाऱ्याने कुठून सुरुवात करावी असे विचारले तर मी आजही एज ऑफ मिथॉलॉजी हेच नाव घेतो. त्यावरून तुम्ही मला पुन्हा धारेवर धरणार, हे ठाऊक असूनही.